नाव एकाचं, आवाज कुणाचाही

‘अ‍ॅपवर मी कॉमेंट टाकली आणि चक्क त्या नटाचं उत्तर आलं. ते खरंच त्यानंच लिहिलं असेल का हो?’

हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात, तसे साठी उलटलेले वाचकही विचारतात. विचारताना डोळ्यांत थोडी आशा असते आणि आवाजात थोडा संकोच. आवडत्या माणसानं आपली दखल घेतली, याचा आनंद खरा असतो. म्हणून ‘छे, ते कुठले लिहितात!’ असं म्हणून हा प्रश्न उडवून लावू नये. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर हॉलिवूडच्या एका नटाच्या अ‍ॅपच्या गोष्टीत फार स्वच्छ दिसतं.

जेरेमी रेनर हा तो नट. ‘द हर्ट लॉकर’मध्ये बॉम्ब निकामी करणारा सैनिक त्यानं साकारला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी ‘द टाउन’साठी दुसरं नामांकन आलं. जगभरच्या मुलांना मात्र तो माहीत आहे तो मार्व्हलच्या चित्रपटांतला तिरंदाज हॉकआय म्हणून. २०१७ च्या मार्चमध्ये त्याच्या नावाचं अ‍ॅप आलं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते बंद पडलं. जेमतेम अडीच वर्षांचं आयुष्य.

प्रसिद्धी ओसरली म्हणून चाहते पांगले असतील, असं आपल्याला वाटेल. पण तसं घडलं नव्हतं. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ २०१९ च्या एप्रिलमध्ये लागला, जुलैपर्यंत तो तोवरचा जगातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला, आणि हॉकआयची भूमिका त्यात महत्त्वाची होती. म्हणजे नट लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि त्याच वेळी त्याचं अ‍ॅप कोसळत होतं. असं का झालं, हे पायरीपायरीनं पाहू.

१. वेगळं अ‍ॅप कशाला हवं?

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्विटर असताना नटाला स्वतःचं अ‍ॅप का हवंसं वाटतं? यासाठी भाड्याच्या दुकानाचा विचार करा. भर बाजारपेठेत तुमचं दुकान आहे, गिऱ्हाइकांची रीघ आहे. पण जागा दुसऱ्याची. मालकानं उद्या दरवाजा मागच्या गल्लीत काढला, तर तुमचा माल तोच राहूनही गिऱ्हाईक घटतं. समाजमाध्यमांवर नेमकं हेच होतं. एखाद्या नटाच्या पानाला लाखो माणसं जोडलेली असली, तरी त्याचा मजकूर त्यांपैकी किती जणांना दाखवायचा हे त्या माध्यमाची कंपनी ठरवते. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीरच केलं, की यापुढे लोकांना आप्तांचा आणि मित्रांचा मजकूर जास्त दिसेल, पानांचा आणि संस्थांचा कमी. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे माणसं जमवली होती, त्यांचा दरवाजा एका निर्णयानं मागच्या गल्लीत गेला.

स्वतःचं अ‍ॅप म्हणजे स्वतःच्या मालकीची जागा. तिथे मध्ये कुणी नाही. चाहता फोनवर नटाच्या चेहऱ्याचं चिन्ह दाबतो आणि थेट आत येतो. ही कल्पना त्या काळात अनेकांना पटली होती. किम कार्दाशियन आणि तिच्या बहिणींनी २०१५ मध्येच आपापली अ‍ॅप काढली होती. सलमान खाननं २०१६ च्या डिसेंबरमध्ये, आपल्या वाढदिवशी, ‘बीइंगइनटच’ हे अ‍ॅप आणलं. सचिन तेंडुलकरचं ‘१००एमबी’ हे अ‍ॅप २०१७ सालचं आणि ते बनवलं होतं पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीनं. रेनरचं अ‍ॅप या लाटेतलंच एक.

२. पानं तीच, दुकानाचं नाव वेगळं

रेनरनं प्रोग्रॅमर नेमून अ‍ॅप लिहून घेतलं नव्हतं. एस्केपएक्स नावाची कंपनी नामवंतांसाठी अशी अ‍ॅप तयार करून देत असे. या धंद्याची रीत समजायला दिवाळीनंतर वाण्याकडून आणि सराफाकडून भेट मिळणारी कॅलेंडरं आठवा. आतल्या तिथी, सण, एकादश्या त्याच असतात. छापखाना एकच असतो. खालच्या पट्टीवर मात्र एकीकडे वाण्याचं नाव असतं, दुसरीकडे सराफाचं.

चाहत्यांची अ‍ॅपही बहुधा अशीच निघतात. फोटो टाकण्याची जागा, कॉमेंटची जागा, पैसे घेण्याची सोय आणि सूचना पाठवण्याची यंत्रणा, हे सगळं एकदाच बनवायचं आणि वरचं नाव व चेहरा तेवढा बदलायचा. यात खर्च वाचतो, काम लवकर होतं. पण कॅलेंडरात एखादी तिथी चुकली, तर ती सगळ्यांच्याच भिंतीवर चुकते. शिवाय सराफाला ती चूक स्वतः दुरुस्त करता येत नाही, कारण छपाई त्याच्या हातात नसते. नाव त्याचं, यंत्र दुसऱ्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिची गरज लागणार आहे.

३. एका बाजूची ओळख

आता चाहत्याच्या मनाकडे वळू. नटाला आपण शेकडो तास पाहिलेलं असतं. त्याचं हसणं, रडणं, चालणं आपल्या ओळखीचं झालेलं असतं. त्याला मात्र आपलं नावही ठाऊक नसतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच या नात्याबद्दल लिहिलं होतं. टीव्ही तेव्हा नुकताच घराघरांत पोचत होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो आणि पाहणाऱ्याला तो जवळचा वाटू लागतो, हे त्यांनी टिपलं. आपण त्याला ‘एका बाजूची ओळख’ म्हणू. यात वेडेपणा काही नाही. आकाशवाणीवरचा निवेदक गेल्याची बातमी ऐकून ज्यांच्या घशात आवंढा आला, त्या सगळ्यांना ही ओळख ठाऊक आहे.

चाहत्यांचं अ‍ॅप म्हणतं: ही ओळख दोन्ही बाजूंची होऊ शकेल. तुम्ही लिहा, तो वाचेल. आता हे कितपत शक्य आहे, याचा हिशेब करू.

समजा, दहा हजार चाहते रोज एकेक कॉमेंट लिहितात आणि एक कॉमेंट वाचायला दहा सेकंद लागतात. म्हणजे रोजचे एक लाख सेकंद. तासाचे ३,६०० सेकंद धरले, तर हे होतात २७ तासांहून जास्त. दिवस तर २४ तासांचा.

बरं, त्यानं रोज एक तास काढून मिनिटाला एक उत्तर लिहिलं असं धरू. दिवसाला ६० उत्तरं. दहा हजार चाहत्यांची पहिली फेरी पूर्ण व्हायला १६७ दिवस, म्हणजे साडेपाच महिने लागतील. एवढी मेहनत घेऊनही चाहत्याच्या वाट्याला वर्षात दोनच उत्तरं येतात.

नट कितीही मनापासून वागला, तरी हे गणित बदलत नाही. त्याचं लक्ष ही इथली सर्वांत दुर्मीळ वस्तू. आणि जी वस्तू दुर्मीळ असते, तिच्यासाठी रांग लागते.

४. विकत मिळणारे तारे

रांगेत पुढे जायची सोय या अ‍ॅपमध्ये होती. तिथे ‘स्टार’ म्हणजे तारे मिळत. खरे पैसे देऊन तारे विकत घ्यायचे आणि ते खर्चून आपली कॉमेंट उठून दिसेल असं करायचं. सर्वांत उत्साही चाहत्यांची क्रमवारीही लागत असे.

शाळेच्या आनंदमेळ्यात आपण दारावर पैसे देऊन कूपनं घेतो. भेळेला दोन कूपनं, रिंग टाकायला एक. कूपन हातात आलं की पैसे गेल्याची टोचणी कमी होते, कारण आता आपण ‘रुपये’ खर्च करत नसून ‘कूपनं’ खर्च करत असतो. आणि मेळा संपला की उरलेल्या कूपनांचं काही होत नाही. त्यांची किंमत कुंपणाच्या आतच असते. अ‍ॅपमधले तारे म्हणजे अशी कूपनं.

एक फरक मात्र मोठा आहे. कूपन दिल्यावर भेळ मिळते. तारे दिल्यावर काय मिळतं? नटाच्या नजरेला पडण्याची शक्यता. तो वाचेलच, असं कोणी लिहून देत नाही.

हे पैसे कुठे जातात तेही पाहू. अ‍ॅपल आणि गूगल यांची दुकानं त्या काळात अ‍ॅपमधल्या अशा खरेदीवर साधारण ३० टक्के वाटा घेत. चाहत्यानं १०० रुपयांचे तारे घेतले, की ३० रुपये दुकानाचे. उरलेल्या ७० मध्ये अ‍ॅप बनवणारी कंपनी आणि नट. निम्मं-निम्मं वाटून घेतलं असं समजलं, तर नटाच्या हाती येतात ३५ रुपये.

आता क्रमवारीचा परिणाम बघा. एका चाहतीनं ५०० तारे खर्चून पहिला नंबर मिळवला. दुसरीनं ५१० खर्चून तो घेतला. पहिलीनं आणखी २० घातले. ही शर्यत कुठे संपायची? धावण्याच्या शर्यतीत शेवटी फीत असते, इथे ती नाही. शिवाय प्रेमाची मोजणी ताऱ्यांत होऊ लागली, की ज्याच्याकडे पैसे कमी त्याचं प्रेमही कमी दिसू लागतं. रेनरच्या अ‍ॅपवरचे काही चाहते पुढे मजकूर काढून टाकल्याच्या, दादागिरीच्या, स्पर्धा नीट न झाल्याच्या तक्रारी करू लागले. एकाच माणसाच्या प्रेमानं जमलेल्या लोकांत तट पडले.

५. बुधवारची मंडळी

इतकं असूनही माणसं तिथे का राहिली? कारण त्यांना तिथे एकमेकं भेटली होती.

या अ‍ॅपवर दर बुधवारी एकमेकांना ‘हॅपी रेन्सडे’ म्हणण्याची पद्धत पडली होती. इंग्रजीतला ‘वेन्सडे’ आणि ‘रेनर’ यांची ही जोडगाठ. बाहेरच्या माणसाला हे बालिश वाटेल. पण सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा असो की रोज तीच लोकल पकडणाऱ्यांचा डबा, अशा ठरलेल्या शब्दांतूनच मंडळी एकत्र बांधली जातात. तो शब्द म्हणजे ‘मी आलोय, तू आहेस ना?’ असं विचारणं असतं.

हे नातं किती बळकट असतं, ते आकड्यांत पाहता येतं. दहा माणसं एका खोलीत आहेत आणि प्रत्येकानं इतर सर्वांशी एकेकदा हात मिळवला, तर एकूण हस्तांदोलनं किती? प्रत्येक जण नऊ जणांशी हात मिळवतो, म्हणजे ९०. पण यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून निम्मी: ४५. हेच शंभर माणसांचं केलं तर होतात ४,९५०.

आता नट आणि शंभर चाहते यांच्यातले धागे मोजा. फक्त शंभर. म्हणजे नटाकडे जाणारे धागे शंभर आणि चाहत्यांचे आपापसात जुळू शकणारे धागे ४,९५०. अ‍ॅपच्या पाटीवर नाव नटाचं असतं, पण आतलं गाव चाहत्यांनी एकमेकांच्या साहाय्यानं वसवलेलं असतं. पैशाचा हिशेब मांडताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते, कारण ४,९५० धाग्यांचे तारे कोणी विकत घेत नाही.

६. दोन पाटील, एक पाटी

आता आपण कोसळण्याच्या मुळाशी येतो. त्यासाठी नाव आणि ओळख यांतला फरक समजून घ्यावा लागेल.

तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एस. पाटील राहतात आणि सातव्या मजल्यावरही एस. पाटील राहतात. पोस्टमन गोंधळत नाही, कारण तो नावाबरोबर फ्लॅटचा नंबर बघतो. नाव दोघांचं असू शकतं. नंबर एकाचाच असतो. इंटरनेटवरही हीच व्यवस्था आहे. प्रत्येक खात्याला एक दाखवायचं नाव असतं, ते हवं तेव्हा बदलता येतं आणि हजार जणांचं सारखं असू शकतं. त्यामागे एक खूण असते, ती मात्र एकाचीच असते. चांगली यंत्रणा ही खूण वाचणाऱ्याला ठळकपणे दाखवते. ती लपलेली राहिली, तर मी उद्या दारावर ‘एस. पाटील’ अशी पाटी लावून तुमचं कुरिअर घेऊन जाऊ शकेन.

प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत एवढ्यानंही भागत नाही. फ्लॅटचा नंबर वेगळा आहे हे कळलं, तरी त्यांतला खरा कोण हे कसं ओळखायचं? २००९ मध्ये बेसबॉलचे नामांकित प्रशिक्षक टोनी ला रुसा यांच्या नावानं कुणीतरी ट्विटरवर खोटं खातं चालवलं आणि त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ट्विटरनं खात्री करून घेतलेल्या खात्यांना खूण देण्याची घोषणा केली. निळी टिकली म्हणून आपण ओळखतो ती हीच. ती शोभेची नव्हती. हा माणूस कोण हे आम्ही तपासलं आहे, अशी ती हमी होती.

त्या हमीची किंमत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जगाला कळली. महिन्याला आठ डॉलर भरणाऱ्याला टिकली मिळू लागली आणि तपासणी मागे पडली. लगेच कुणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावानं खातं काढून इन्सुलिन यापुढे फुकट मिळेल असं जाहीर केलं. मधुमेहाच्या रोग्यांसाठी ही केवढी मोठी बातमी! खऱ्या कंपनीला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. हमी विकायला निघाली, की ती हमी राहत नाही.

७. जत्रेतला लाउडस्पीकर

रेनरच्या अ‍ॅपमध्ये नावाच्या या ढिलाईला आणखी एका गोष्टीची साथ मिळाली: फोनवर येणारी सूचना, म्हणजे नोटिफिकेशन.

अ‍ॅप बंद असतानाही फोनच्या पडद्यावर एक पट्टी झळकते. वर अ‍ॅपचं नाव असतं आणि खाली संदेश. बँकेच्या अ‍ॅपची सूचना बँकेच्या नावानं येते. तिथे बोलणारा एकच असतो, ती बँक. त्यामुळे अडचण येत नाही. पण या अ‍ॅपचं नावच होतं ‘जेरेमी रेनर’. आत हजारो माणसं बोलत होती. तुमच्या कॉमेंटला कुण्या अनोळखी माणसानं उत्तर दिलं, तरी फोनवर झळकायचं: जेरेमी रेनर, आणि खाली ते उत्तर.

गावच्या जत्रेत एकच लाउडस्पीकर असतो. त्यातून सरपंच बोलतात, हरवलेल्या मुलाची घोषणा होते, बैलगाडा शर्यतीचा निकालही कळतो. लांब उभ्या असलेल्या माणसाला सगळे आवाज एकाच भोंग्यातून ऐकू येतात. आता त्या भोंग्यावर ‘सरपंच’ अशी पाटी लावली आणि माइक मात्र मांडवात कुणाच्याही हाती दिला, तर काय होईल? जो माइक धरेल, तो सरपंच.

इथे कुणी कुलूप तोडलं नव्हतं, पासवर्ड चोरला नव्हता. यंत्र जसं बनवलं होतं तसंच ते चालत होतं. अ‍ॅपचं नाव आणि माणसाचं नाव एकच ठेवलं, आणि बोलणारा कोण हे सूचनेत सांगितलं नाही, एवढ्या साध्या दोन गोष्टींतून हा घोटाळा झाला. अ‍ॅपचा आराखडा करणाऱ्यांनी अशी कल्पना केली असणार, की इथे येणारा प्रत्येक जण चाहताच असेल. दार उघडं ठेवून राहणाऱ्या घराचा हा विश्वास असतो. गावात तो चालतो. हमरस्त्यावर चालत नाही.

८. शेवटचे दिवस

२०१९ च्या अमेरिकी उन्हाळ्याअखेर बाहेरच्या काही माणसांच्या हे लक्षात आलं. त्यांत विनोदी लेखन करणारे लोकही होते. आपण काहीबाही लिहिलं तर ते दुसऱ्याच्या फोनवर रेनरच्या नावानं पोचतं, हे कळल्यावर गंमत म्हणून सुरुवात झाली. बातमी पसरली आणि झुंड आत शिरली. कुणी रेनरच्या नावानं लिहू लागलं, कुणी इतर प्रसिद्ध आणि कुप्रसिद्ध माणसांच्या नावानं. घाणेरडे विनोद, खोटी उत्तरं, वात्रट संदेश यांचा लोंढा सुरू झाला.

अशा वेळी मजकुरावर देखरेख ठेवणारी माणसं लागतात. त्यांना मॉडरेटर म्हणतात. सार्वजनिक गणपतीच्या मांडवात बिल्ला लावून उभे असलेले कार्यकर्ते आठवा. रोजच्या गर्दीला दहा जण पुरतात, कारण बहुतेक लोक शिस्तीनं येतात. विसर्जनाच्या रात्री शंभर लागतात. छोट्या अ‍ॅपवर नेहमीच रोजच्या गर्दीपुरते कार्यकर्ते असतात. विसर्जनाची रात्र अवचित आली, की ते पुरे पडत नाहीत. एक खोटं खातं काढलं की दोन उगवतात, कारण खातं उघडायला एक मिनिट लागतं आणि ते तपासून काढायला त्याहून जास्त. यात झुंड नेहमीच पुढे राहते.

४ सप्टेंबर २०१९ ला रेनरनं अ‍ॅपवरच निरोपाचा संदेश लिहिला. काही जणांनी त्याच्या आणि इतरांच्या नावानं वावरण्याची युक्ती शोधून काढली आहे, हे त्यानं सांगितलं. चाहत्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून काढलेली जागा आपल्याला ज्या गोष्टींचा तिटकारा आहे त्यांचीच झाली, अशी खंत त्यानं बोलून दाखवली. अ‍ॅप ताबडतोब बंद करावं आणि गेल्या ९० दिवसांत ज्यांनी तारे विकत घेतले त्यांचे पैसे परत द्यावेत, अशी विनंती त्यानं एस्केपएक्सला केली. शब्द नीट वाचा: त्यानं विनंती केली. अ‍ॅपवर नाव त्याचं होतं, पण बंद करण्याची कळ छापखान्याकडे होती.

पैसे ९० दिवसांपुरते परत देता येतात. बुधवारच्या मंडळींची अडीच वर्षांची गप्पाष्टकं, फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं मात्र त्या कुंपणाच्या आतच होतं. मेळा उठला आणि त्याबरोबर तेही गेलं. या गोष्टीतलं मला सर्वांत चटका लावणारं नुकसान हेच वाटतं. थट्टा करायला आलेल्यांना एका नटाची फजिती करायची होती. घर मोडलं ते चाहत्यांचं.

९. इतरांचं काय झालं?

रेनरचं अ‍ॅप खोट्या नावांमुळे पडलं. इतर बरीच अ‍ॅप कुणी हल्ला न करताही थांबली. टेलर स्विफ्टचं ‘द स्विफ्ट लाइफ’ २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलं. ग्लू मोबाइल या कसलेल्या गेम कंपनीनं ते बनवलं होतं आणि २०१८ मध्ये स्विफ्टच्या कार्यक्रमांना मैदानं भरत होती. तरी १ फेब्रुवारी २०१९ ला ते बंद झालं. कार्दाशियन भगिनींची अ‍ॅपही तोवर गुंडाळली गेली होती. यावरून दिसतं, की एकट्या माणसाभोवती रोजचा राबता टिकवणं मुळातच अवघड आहे. त्याला चित्रीकरण असतं, घर असतं, कधी नुसतं गप्प बसावंसं वाटतं. आणि तो गप्प बसला, की अ‍ॅपवर सन्नाटा.

टिकलेली उदाहरणं यामुळेच अभ्यासण्याजोगी आहेत. त्याच ग्लू मोबाइलचा ‘किम कार्दाशियन: हॉलिवूड’ हा खेळ २०१४ ते २०२४ असा जवळपास दहा वर्षं चालला. कारण तो खेळ होता. खेळणाऱ्यानं स्वतःचं पात्र घडवायचं आणि त्याला प्रसिद्धीच्या पायऱ्या चढवायच्या. किमनं त्या दिवशी काही लिहिलं नाही, म्हणून खेळ अडत नसे.

दुसरं उदाहरण दक्षिण कोरियाचं. बीटीएस या गायकसमूहाच्या कंपनीनं २०१९ च्या जूनमध्ये ‘वीव्हर्स’ सुरू केलं. रेनरचं अ‍ॅप शेवटचे महिने मोजत होतं, तेव्हा हे जन्माला येत होतं. फरक असा, की वीव्हर्सच्या छपराखाली अनेक कलाकार आहेत. एका समूहानं विश्रांती घेतली तरी दुसऱ्याची मैफल सुरू असते. पुढे बीटीएसचे सदस्य टप्प्याटप्प्यानं सक्तीच्या लष्करी सेवेत गेले, तरी वीव्हर्स चालत राहिलं. शिवाय त्या अ‍ॅपचं नाव कुणा माणसाचं नाही. त्यामुळे सूचनेच्या पट्टीवर अ‍ॅपचं नाव आणि कलाकाराचं नाव यांची गल्लत व्हायला जागाच राहत नाही. एकाच दुकानाचा मांडव आणि आठवडी बाजार यांत जो फरक, तोच इथे.

१०. मग उत्तर त्यानं लिहिलं का?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आता तो आपल्याला तुकडे करून तपासता येतो.

सूचनेच्या पट्टीवर जाऊ नका. अ‍ॅप उघडून आत बघा, उत्तर नेमकं कोणत्या खात्यातून आलं आहे. तिथे दिसणाऱ्या नावावर थांबू नका. त्यामागची एकमेव खूण बघा, म्हणजे फ्लॅटचा नंबर. खात्यावर हमीची टिकली असेल, तर ती तपासून दिलेली आहे की पैसे भरून मिळालेली आहे, हे विचारा. पैसे भरायची वेळ आली, तर मिळणारी वस्तू भेळ आहे की भेळेची आशा आहे, हे स्वतःला विचारा. आणि नटाच्या नावानं कुणी खाजगीत पैसे मागितले, तर ते न देता तिथेच संभाषण थांबवा.

एवढं करून खातं खरं निघालं, तर उत्तर कदाचित त्यानं लिहिलेलं असेल, कदाचित त्याच्या कचेरीतल्या माणसानं. दहा हजारांत आपला क्रमांक लागायला साडेपाच महिने लागतात, हे गणित आठवा आणि मग त्या दोन ओळींचा आनंद घ्या. तो आनंद घेण्यात काहीही गैर नाही.

रेनरच्या गोष्टीला एक पुढचा भागही आहे. १ जानेवारी २०२३ ला नेवाडा राज्यातल्या रीनोजवळ, आपल्या घरापाशी, बर्फ हटवण्याच्या अजस्र यंत्राखाली तो सापडला. तीसहून जास्त हाडं मोडली. जगभरचे चाहते हवालदिल झाले. दोन दिवसांनी, ३ जानेवारीला, इस्पितळातल्या खाटेवरून त्यानं स्वतःचा फोटो टाकला आणि शुभेच्छांबद्दल सगळ्यांचे आभार मानले. चेहरा सुजलेला, जखमांनी भरलेला. तो फोटो आला इन्स्टाग्रामवर, त्याच्या रोजच्या खात्यावर, जिथे सगळं जग येतं-जातं.

तिथे तारे नव्हते, क्रमवारी नव्हती. लोकांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तो जिवंत आहे आणि हे शब्द त्याचेच आहेत याची खात्री. ती मिळाली, आणि खाली चाहत्यांच्या शुभेच्छांची रांग लागली.